प्लग काढला म्हणून अस्सल होत नाही

मागच्या महिन्यात ठाण्याला एका मित्राकडे बसलो होतो, चार जण, जेवणं झालेली, आणि त्याने स्पीकरवर जिप्सी किंग्ज हा बँड लावला. त्यांचं बांबोलेओ हे गाजलेलं गाणं सुरू होऊन दहा सेकंद झाले नसतील, तेवढ्यात आमच्यातल्या एकाने तोंड वाकडं केलं (ज्याला प्रत्येक बँडचा पहिला अल्बमच आवडतो असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच). म्हणे हे काय वरातीतलं लावलंय, ह्यांचा पहिला अल्बम ऐका, १९८२ चा, आलेग्रिया, नुसत्या गिटारी आणि टाळ्या, ना ड्रम ना कीबोर्ड, तो खरा फ्लेमेंको (दक्षिण स्पेनमधलं गाणं, गिटार आणि नाच), नंतर हे लोक विकले गेले. मग रात्री दीडपर्यंत तेच. मला जे मुद्दे सुचले ते नेहमीप्रमाणे घरी येताना घोडबंदर रोडवर सुचले, म्हणून इथे लिहून टाकतोय.

आधी एक कबूल करतो म्हणजे भांडण नीट होईल. तो अल्बम मलाही प्रचंड आवडतो. फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल आणि मोंपेलिये ही गावं आहेत, तिथल्या दोन घरांतली ही पोरं, रेयेस आणि बालियार्दो, सगळे एकमेकांचे भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे. निकोला रेयेस गातो आणि तोनीनो बालियार्दो वरच्या पट्टीत गिटारचे तुकडे फेकत असतो, बाकीचे सगळे एकच ठेका धरून गिटारींची भिंत उभी करतात आणि त्या भिंतीत मधेमधे टाळ्या. त्या टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि ते एक वाद्यच आहे, ताल धरणं आणि ताल कापणं हे दोन वेगळे हात करतात. निकोलाचा आवाज म्हणजे, कसं सांगू, वरच्या सुरात जाताना तो फाटतो आणि तो फाटतो तिथेच आपण अडकतो, आपल्याकडे गोंधळी रात्री तीनला जसा गातो ना, घसा संपलेला पण गाणं संपलेलं नाही, तसा. हेडफोन लावून ऐकलं तर दोन गिटारींच्या मधली हवा ऐकू येते. १९८३ ला दुसरा अल्बम आला, लुना दे फ्वेगो, तोही तसाच. दोन्ही फार विकले गेले नाहीत. मग १९८७ ला बँडच्याच नावाचा अल्बम आला, क्लोद मार्टिनेझ नावाच्या मॅनेजर-प्रोड्युसरबरोबर, त्यात बेस आला, ड्रम आले, सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, आणि त्यातलं बांबोलेओ जगभर गेलं.

आता ह्या घटनाक्रमातून लोक जी गोष्ट बनवतात ती तुम्हाला पाठ असेल. आधी शुद्ध होते, उपाशी होते, मग कंपनी आली, पैसा आला, भेसळ झाली. ऐकायला एकदम फिट्ट. माझं म्हणणं असं की ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकीची आहे, आणि ती नुसती चुकीची असती तर मी झोपलो असतो, पण तिच्यामुळे त्या माणसांचं नुकसान होतं.

पहिली पायरी, 'खरा फ्लेमेंको'. स्पेनमधल्या कुठल्याही कट्टर फ्लेमेंकोवाल्यासमोर आलेग्रिया लावा, तो म्हणेल छान आहे, पण हा फ्लेमेंको नाही. कारण फ्लेमेंकोत गाण्याच्या जाती असतात, त्यांना पालो म्हणतात, सोलेआ, सिगिरिया, बुलेरिया वगैरे, आणि त्यातल्या मानाच्या बऱ्याच जाती बारा मात्रांच्या. बारा मात्रा म्हणजे आपला एकताल नव्हे, त्यांचे खंड ३-३-२-२-२ असे उभे-आडवे पडतात, आपल्याला धमारचे ५-२-३-४ माहीत असतात म्हणून निदान भीती वाटत नाही, पण पाश्चात्त्य गिटारवाला तिथे हमखास पडतो. ह्या आवर्तनाला कोंपास म्हणतात आणि ज्याचा कोंपास हलला तो संपला. गंमत म्हणजे कादिस गावाकडे आलेग्रियास नावाचा एक बारा मात्रांचा पालोच आहे, त्यामुळे अल्बमचं नाव ऐकून जाणकार माणूस कान टवकारणार आणि ऐकायला मिळणार बहुतेक रुंबा. रुंबा चार मात्रांचा, त्याचे आठ भाग केले की ३-३-२. टेबलावर बोटं आपटून बघा, एक-दोन-तीन एक-दोन-तीन एक-दोन, झालं, तुम्ही जिप्सी किंग्जमध्ये भरती.

आणि हा रुंबा आला कुठून, तर क्यूबामधून. स्पेनची माणसं तिकडे गेली, तिकडच्या आफ्रिकन लोकांच्या तालात भिजून ती गाणी परत आली, स्पॅनिशमध्ये अशा गाण्यांना जाऊन आलेली गाणी अशाच अर्थाचं नाव आहे. मग १९५०-६० च्या दशकांत बार्सिलोनाच्या हितानो वस्त्यांमध्ये (हितानो म्हणजे स्पेनमधले जिप्सी) पेरेतसारख्या गायकांनी त्याला आपला हात दिला आणि रुंबा कातालाना तयार झाला, जो रेडिओवर वाजायचा, सिनेमात असायचा, म्हणजे तो पॉपच होता. तेव्हा १९८२ चा हा 'मूळ' अल्बम कशाचा, तर क्यूबाहून बार्सिलोनाला आलेल्या आणि तिथे पॉप झालेल्या तालाचा, फ्रान्समध्ये राहणाऱ्या पोरांनी गायलेला. ह्यात शुद्ध काय शोधायचं ते शोधा.

भाषेचंही तेच. स्पॅनिशमध्ये आलेग्रिया शब्दात एकच 'एल' असतो, ह्यांनी कव्हरवर दोन छापले. ह्या घरांची आधीची पिढी १९३० च्या दशकातल्या स्पेनच्या यादवी युद्धात तिकडून निघाली आणि पोरं फ्रान्समध्ये वाढली, त्यांची स्पॅनिश ही घरात बोलायची स्पॅनिश, तिच्यात फ्रेंच घुसलेली, कातालान घुसलेली, हितानोंचे स्वतःचे शब्द. माद्रिदचा माणूस व्याकरण तपासायला बसला तर पेन्सिल संपेल. ज्यांनी तंजावरची मराठी ऐकलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, भाषा घर सोडून लांब गेली की ती जुनंही जपते आणि नवंही उचलते, आणि पुण्याहून कोणी येऊन तिला अशुद्ध म्हटलं तर तिला काही फरक पडत नाही. मला तर ती चुकलेली स्पॅनिश ह्या अल्बमातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते, पण अस्सलवाले नेमकं त्याचंच नाव कधी घेत नाहीत.

दुसरी पायरी, 'आधी हे शेकोटीपाशी गायचे'. अरे बाबा, कुठली शेकोटी? निकोला आणि त्याच्या भावांचा बाप होसे रेयेस, तो मानितास दे प्लाताबरोबर गायचा. मानितास म्हणजे रिकार्डो बालियार्दो, १९२१ साली सेत गावाजवळ कारवानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात जन्मलेला, आणि १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेला. आर्लचाच ल्युसियाँ क्लेर्ग नावाचा मोठा फोटोग्राफर त्याच्या मागे उभा होता. म्हणजे पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून घरात रेकॉर्ड, दौरे, करार, मानधनावरून रुसवे हे सगळं बघत होती. आणि तो मानितास, त्यालाही फ्लेमेंकोवाल्यांनी नाकं मुरडलीच होती, ह्याचा कोंपास पक्का नाही, हा मनाला येईल तसा वाजवतो म्हणून. होसे रेयेस १९७९ ला गेला. पोरांनी आधी लोस रेयेस नावाने गायला सुरुवात केली होती, रेयेस म्हणजे राजे, त्याचंच पुढे किंग्ज झालं, जिप्सी किंग्ज हे नाव आडनावाचं भाषांतर आहे बघा. ती गायची लग्नांत, रस्त्यावर आणि सेंत-त्रोपेझच्या श्रीमंतांच्या पार्ट्यांत, जिथे फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो त्यांची चाहती होती. तर ही धंद्यातली पोरं होती. पहिला अल्बम नुसत्या गिटारींचा निघाला ह्याचं कारण तत्त्व वगैरे काही नसावं असा माझा अंदाज आहे, माणसं होती आणि गिटारी होत्या, मग तेच वाजणार ना.

इथे मी स्वतःचा एक अनुभव घुसवतो. चाळिशीत मला गिटार शिकायची खाज आली, क्लास लावला, आणि सरांना म्हटलं मला तो रुंबाचा हात शिकवा. सरांनी माझ्या नखांकडे बघितलं आणि हसले. तो हात असा आहे की मनगट पंख्यासारखं फिरत राहतं, स्पॅनिशमध्येही त्याला पंखाच म्हणतात, व्हेंतिलादोर, बोटं खाली उघडतात, अंगठा वर येतो, आणि मधेच पूर्ण पंजा तारांवर आपटून आवाज मारायचा, चट्ट, तो चट्ट म्हणजे ढोलकीची थापच, गिटारच्या अंगावर म्हणून तर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते, नाहीतर लाकडाचा चोथा होईल. आठ दिवसांत माझी दोन नखं गेली. सर नखांवर चक्क फेव्हिक्विक लावायचे. तीन महिन्यांनी मला तो हात कसाबसा जमला, आणि तेव्हा कळलं की ज्याला मी 'उत्स्फूर्त', 'रानटी', 'रक्तातलं' वगैरे म्हणत होतो ते म्हणजे हजारो तासांची मजुरी आहे. तिथून पुढे मला 'रक्तातलं संगीत' ह्या शब्दाचा राग यायला लागला. रक्तात असतं तर पोराला सातव्या वर्षी चुलत्याच्या समोर बसवून, चुकलं की टपली मारून, शिकवायला लागलं नसतं. आपल्याकडेही बघा, खांसाहेबांची गायकी म्हणजे तालीम असते, आणि कोल्हाटणीचा नाच म्हणजे रक्त. हा फरक कोणी केला, कधी विचारतो का आपण?

बरं, फ्लेमेंकोतली शुद्धता ही काय भानगड आहे तेही बघून घेऊ, कारण तिथेही मजा आहे. १९२२ साली ग्रानादात, अल्हाम्ब्रामध्ये, संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का वगैरे मंडळींनी एक मोठी स्पर्धा घेतली, जुनं खोल गाणं बुडतंय ते वाचवायला. अट काय, तर व्यावसायिक गायकांनी भाग घ्यायचा नाही, कारण पैशाने गाणं नासतं. आणि बक्षीस कोणाकोणाला, तर त्यात एक बारा-तेरा वर्षांचं पोरगं, मानोलो काराकोल, खानदानी कलावंतांच्या घरातलं, जे पुढे स्टेज आणि सिनेमाचं मोठं स्टार झालं. पुढे १९७९ ला फ्लेमेंको गायक कामारोनने ला लेयेंदा देल तिएंपो हा अल्बम काढला, रॉकवाल्यांची वाद्यं घेऊन, तेव्हा कट्टर लोक खवळले, अल्बम पडला, आणि आज तोच अल्बम पवित्र मानला जातो. फ्लेमेंकोचा मोठा गिटारवादक पाको दे लुसियाचं सगळ्यात गाजलेलं गिटारचं काम कुठलं, एंत्रे दोस आग्वास, १९७३ चं, आणि ते काय आहे, रुंबा! बोंगो आणि बेससकट. आणि हा काहोन, ज्यावर बसून वाजवतात ती लाकडी पेटी, जी आज फ्लेमेंकोच्या प्रत्येक फोटोत असते, ती पेरू देशातली आहे, १९७० च्या दशकाच्या शेवटाला पाकोने तिकडच्या दौऱ्यात बघितली आणि घेऊन आला. म्हणजे ज्या काहोनला लोक परंपरा म्हणून हात जोडतात तो माझ्याच वयाचा आहे. आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडे आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी घातली होती परकी म्हणून, आणि त्याच काळात आपलं अख्खं नाट्यसंगीत पेटीवर उभं होतं.

आता 'अकूस्टिक (म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायचं) म्हणजे अस्सल' हे समीकरण आलं कुठून हा मुद्दा. माझ्या मते हेही मार्केटनेच शिकवलं. १९८७ चा अल्बम गाजला, अमेरिकेत गोल्ड झाला, स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या बँडसाठी तेव्हा ही फार मोठी गोष्ट, आणि मग १९९० मध्ये अमेरिकेत आलेग्रिया नावाने सीडी निघाली ज्यात १९८२ आणि १९८३ ची गाणी एकत्र केली होती. आधीची वर्षं हीच गाणी कोणाला नको होती. १९८९ ला टीव्हीवर एमटीव्ही अनप्लग्ड हा कार्यक्रम सुरू झाला होता, मोठमोठे रॉकवाले स्टुलावर बसून लाकडी गिटार घेऊन आपण किती साधे आहोत ते दाखवणार होते, त्या हवेत वायर नसणं हाच एक माल झाला. माझा मित्र ज्याला भेसळीच्या आधीचं म्हणतो ते त्याच्यापर्यंत पोचलं तेच मुळी भेसळ गाजल्यामुळे. बांबोलेओ नसतं तर आलेग्रिया आर्लच्या एखाद्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात धूळ खात पडला असता आणि आमचा हा मित्र दुसऱ्या कुठल्यातरी बँडचा पहिला अल्बम मिरवत असता. (बांबोलेओवर एक तक्रार मात्र रास्त आहे, त्या गाण्याचा मोठा भाग व्हेनेझुएलाच्या सिमोन दियासच्या काबाय्यो व्हिएहो ह्या गाण्यावरून आलेला आहे. भांडायचंच तर ह्यावर भांडा, श्रेय आणि पैसा कोणाला मिळाला ह्यावर. पण शुद्धतावाल्यांना ह्यात रस नसतो, हिशोबाचं बोलणं त्यांना बाजारू वाटतं.)

इथपर्यंत मित्र ऐकून घेईल. पुढचं त्याला आवडणार नाही.

आपल्याला जिप्सी शेकोटीपाशीच का हवा असतो? चाकांचं घर, घोडा, गळ्यात रुमाल, हातात गिटार, वायर नाही, कंपनी नाही, बँक खातं नाही. कामार्ग म्हणून भाग आहे आर्लच्या खाली, दलदल, पांढरे घोडे, तिथे सेंत-मारी-द-ला-मेर गावात दर वर्षी २४ मेला युरोपभरचे जिप्सी जमतात, सारा नावाच्या काळ्या संतिणीची मूर्ती तळघरातून काढून समुद्रापर्यंत नेतात. फोटो बघितले तर गणपती विसर्जनाची आठवण येते, फक्त मूर्ती परत आणतात. हजार वर्षांची परंपरा वाटते ना? साराला समुद्रावर नेणं सुरू झालं १९३५ ला, बारोन्सेल्ली नावाच्या एका सरदाराच्या पुढाकाराने. ह्याने श्रद्धा खोटी ठरत नाही, लोक खरंच रडतात तिथे. पण चित्र किती नवं आहे ते कळतं.

आणि त्याच कामार्गात, आर्लच्याच हद्दीत, सालिये नावाची जागा आहे. १९४२ ते १९४४ तिथे भटक्यांसाठी छावणी होती, म्हणजे कैदखाना, विशी सरकारचा (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेलं फ्रान्सचं सरकार). आणि ती बांधली कशी, तर कामार्गच्या गुराख्यांच्या झोपड्यांसारखी, शाकारलेली छपरं, पांढऱ्या भिंती, कारण सरकारला जगाला दाखवायचं होतं की बघा आम्ही ह्यांना किती नैसर्गिक वातावरणात ठेवलंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. कैद केलेली माणसं, तीही शोभेच्या गावात. 'जसे आहेत तसेच राहू द्या' ह्या प्रेमळ वाक्याचं टोक तिथे जातं.

युद्ध संपलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. फ्रान्समध्ये १९६९ चा कायदा होता, फिरत्या लोकांनी परवान्याची वही बाळगायची, आणि ज्यांचं उत्पन्न नियमित नाही त्यांनी दर तीन महिन्यांनी तिच्यावर शिक्का मारून आणायचा, मत द्यायचं तर एका गावाशी तीन वर्षं जोडलेलं असायला हवं. आलेग्रिया निघाला तेव्हा हा कायदा चालू होता. शिक्क्याची ती वही २०१२ ला तिथल्या घटना परिषदेने रद्द केली, उरलेली परवान्याची पद्धत २०१७ ला गेली. ज्यांना आपल्याकडचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा माहीत आहे, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट माहीत आहे, पोलीस पाटलाकडे हजेरी लावणारे पारधी माहीत आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. वाटायलाच हवं.

२०१० हे एक साल घ्या. जूनमध्ये टॉय स्टोरी ३ हा कार्टून सिनेमा आला, त्यात स्पॅनिश बोलणाऱ्या बझ नावाच्या खेळण्यासाठी गाणं जिप्सी किंग्जचं, थिएटरात पोरं नाचत होती. जुलैअखेरीस फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी ह्यांनी ग्रनोबलला भाषण केलं आणि त्यानंतर रोमांच्या (युरोपातल्या जिप्सींचं हे नाव) वस्त्या उठवून माणसांना रोमानिया-बल्गेरियाच्या विमानात बसवायची मोहीम जोरात निघाली. नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने फ्लेमेंकोला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं. रोमानियाहून आलेले रोमा आणि आर्लचे हितानो हे एक नव्हेत, हे मान्य, पण रस्त्यावरच्या फ्रेंच माणसाला तो फरक किती कळत असेल? वारसा हवा, वारसदार नको.

आता आपल्या लोकांकडे वळतो, कारण आपण काही कमी नाही. 'फ्लेमेंको हा आपलाच, तो कथकपासून निघाला' हा फॉरवर्ड तुम्हाला आलाच असेल, मला वर्षातून तीनदा येतो, घुंगरू आणि टाचा शेजारी शेजारी लावलेला व्हिडिओ. ह्यातलं खरं एवढंच की रोमा लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे, हे १७८२ साली रुडिगर नावाच्या जर्मन अभ्यासकाने लिहिलं, आणि ते आजही पक्कं आहे. पाणीला पानी, नाकाला नाक, कानाला कान, काळ्याला कालो, माणसाला मानुष, चोराला चोर. ऐकून अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण भाषा आली म्हणून नाच आला असं होत नाही ना. तसं असतं तर हंगेरीच्या आणि रोमानियाच्या रोमांनीही फ्लेमेंको केला असता, तिकडे ते व्हायोलिन वाजवतात. रोमा स्पेनमध्ये पोचल्याची नोंद १४२५ ची, फ्लेमेंको आकाराला आला अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्यात, दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, तिथल्या गरीब हितानो आणि बिगर-हितानो लोकांच्या सरमिसळीत. मधे १७४९ ला स्पेनच्या राजाने एका झटक्यात हजारो हितानोंना पकडून कोंडलं होतं. त्या गळ्यातली जी वेदना आपण वा वा करत ऐकतो ती तिथली आहे, लखनौ-जयपूरच्या दरबारातली नाही.

आणि मला ह्या फॉरवर्डचा खरा राग का येतो सांगू? जो माणूस सातासमुद्रापलीकडच्या जिप्सींना 'आपले' म्हणून मिठी मारतो, तोच माणूस सिग्नलवर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर दिसली की गाडीची काच वर करतो. १९५२ ला ३१ ऑगस्टला आपल्या भटक्यांवरचा जन्मजात गुन्हेगार हा शिक्का कायद्याने पुसला, पण आजही एखाद्या गावाबाहेर पालं पडली की ग्रामपंचायतीत पहिला विषय तोच. ह्यांना अल्बम निघेपर्यंत थांबावं लागणार का आपलं व्हायला?

तर माझा मुद्दा एवढाच की 'अस्सल' हा शब्द आपण कौतुक म्हणून वापरतो पण समोरच्या माणसासाठी तो कुंपण असतो. त्यांनी ड्रम घेतले की विकले गेले, सिंथ घेतला की नासले, पैसे मिळाले की संपले. इंग्लंडच्या एखाद्या बँडने सितार घेतली तर तो प्रयोग, आणि आर्लच्या हितानोने कीबोर्ड घेतला तर ती भेसळ. २०१४ च्या ग्रॅमीमध्ये त्यांच्या साव्होर फ्लेमेंको अल्बमला बक्षीस मिळालं, दक्षिण आफ्रिकेच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोबरोबर विभागून. वर्ग कुठला, तर 'वर्ल्ड म्युझिक'. म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेली, पॅरिसपासून रेल्वेने तीन-चार तासांवर राहणारी माणसं, तीही 'जगात' कुठेतरी, इथली नव्हेतच.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी आणि ती मी प्रामाणिकपणे बोलतो. १९८७ मध्ये काहीतरी गेलं हे खरं आहे. गेली ती जागा. ड्रम आला की ताल खिळ्याला टांगला जातो, आणि पाल्मासचा जो मजेशीर अंदाज असतो, किंचित मागे, किंचित पुढे, सहा माणसं एका श्वासात पण एका रेषेत नाहीत, तो झाकला जातो. व्हिएंतो देल आरेना ऐका, लुना दे फ्वेगोमधलं, आणि मग तेच १९८९ च्या मोझाईक अल्बममधलं. पहिल्यात निकोलाच्या आवाजाभोवती रिकामं मैदान आहे. दुसऱ्यात मैदानावर मांडव घातलाय, छान मांडव आहे, लायटिंगही आहे, पण वारा अडतो. ही टीका मला चालते कारण ती आवाजाबद्दल आहे, कानाने केलेली आहे. तू विकला गेलास, हे मात्र कानाने ठरवलेलं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं.

आणि शांतपणे ऐकलं तर पहिल्या अल्बमातही सगळं काही शेकोटीचं धुरकट स्वप्न नाही. एका गाण्याचं नावच आहे पापा नो पेगा ला मामा, म्हणजे बाबा, आईला मारू नका. अस्सलपणाची आरती करणाऱ्या किती जणांनी ते नाव वाचलंय माहीत नाही. ते घर आहे, तिथे घरात होतं ते सगळं होतं.

मित्राला हे सगळं मी व्हॉट्सअॅपवर पाठवणारच आहे, तो 'टीएल डीआर', म्हणजे फार लांबलंय, वाचलं नाही, असं म्हणणार हेही माहीत आहे. त्याच्यासाठी शेवटी एक छोटी परीक्षा. जोबी जोबा हे गाणं १९८२ च्या अल्बमातही आहे आणि १९८७ च्याही. दोन्ही लाव, डोळे मिटून, कुठलं कधीचं ते विसरून, आणि बोटांनी ३-३-२ धर. मी हे गेल्या रविवारी बायकोला शेजारी बसवून केलं, तिला ह्या वादात काडीचा रस नाही. तिने १९८२ चं निवडलं. मी व्हिएंतो देल आरेना कायम जुनंच ऐकणार, पण जोबी जोबा मला ड्रमवालंच आवडतं, आणि ते लागलं की मी आमच्या हॉलमध्ये नाचतो, पडदे ओढून.